चोरीस, चार वाइन आणि गटारी: भिशीच्या एका कामाच्या नोंदी

२ मे २०२५, शुक्रवार

भिशीत ठरलं. यंदाची गटारी आमच्या गच्चीवर, आणि कोंबडी-वड्यांऐवजी गोव्याचं चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज. वाइन निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दोन वर्षांपूर्वी नाशिकजवळच्या एका द्राक्षमळ्यात दोन रात्री राहून आले, तेव्हापासून ग्रुपमध्ये मला 'वाइनवाली' म्हणतात. दोन रात्रींत माणूस काय शिकणार? ग्लास दांडीला धरायचा, एवढं मात्र पक्कं झालं.

माणसं बारा, वाइनसाठी सहा हजार रुपये, तारीख २० जुलै, रविवार. अमावास्या २४ ला आहे, पण तो गुरुवार. निम्म्या ग्रुपचा गुरुवार असतो.

एकीने लगेच एक तक्ता पाठवला. 'चोरिझो' या नावापुढे 'रिओहा, टेम्प्रानियो, दणकट लाल वाइन' असं लिहिलेलं. रिओहा हा स्पेनमधला वाइनचा भाग, टेम्प्रानियो तिथलं द्राक्ष. मी म्हटलं, झालं काम.

९ मे, शुक्रवार, म्हापसा

वन्संकडे आलोय. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार चुकवायचा नाही म्हणून सकाळी साडेसातलाच बाहेर. चोरिसांच्या माळा टांगलेल्या ओळीत शिरलं की आधी नाक पुढे जातं. व्हिनेगर, मग धूर, मग लसूण. लहान मण्यांची माळ वेगळी, बोटाएवढ्या लांबट चोरिसांची वेगळी. बाजारातून एक माळ घेतली, पण खरा माल वन्संच्या शेजारच्या आंटींकडून. अर्धा किलो, घरी केलेलं.

आंटींनी उभ्या उभ्या सगळी कृती सांगितली. डुकराचं मांस सुरीने कापायचं, यंत्रात घालायचं नाही. चरबीचे तुकडे वेगळे, लाल मांसाचे वेगळे. मीठ लावून रात्रभर वजनाखाली दाबून ठेवायचं, सुटलेलं पाणी टाकायचं, मग ऊन दाखवायचं. काश्मिरी मिरची, लसूण, आलं, जिरं, मिरी, हळद, दालचिनी, लवंग असा मसाला माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये वाटायचा. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. मसाला लावलेलं मांस काही दिवस बरणीत, मग आतड्यात भरून दोऱ्याने गाठी मारून चुलीवरच्या धुरात. थोडी फेणीही शिंपडतात त्या. किती, ते विचारल्यावर हसल्या.

पोर्तुगालमधल्या मूळ प्रकारात, म्हणजे शोरीसूमध्ये, लाल मिरचीची सौम्य पूड, लसूण आणि चक्क वाइन असते. मांस वाइन-लसणात मुरवायची ही तिकडची जुनी पद्धत. विंदालू हे नावही वाइन आणि लसूण या दोन पोर्तुगीज शब्दांतूनच आलेलं. १५१० साली पोर्तुगीज गोव्यात आले. खाण्याची सवय बरोबर आली, पण वाइन मात्र जहाजातून यायची. माड दारात होते. वाइनच्या जागी सुरेचं व्हिनेगर बसलं, सौम्य पुडीच्या जागी आपली मिरची. म्हणजे मी ज्या पदार्थासाठी वाइन शोधतेय, त्यातून वाइन एकदा बाहेर पडलेली आहे. तिच्या खुर्चीवर आता दुसरंच कोणीतरी बसलंय, आणि ते आंबट आहे.

तक्त्यातलं 'चोरिझो' स्पॅनिश. त्यात धुरावलेली गोडसर मिरचीपूड असते, व्हिनेगर नाही, आणि जीभ पोळेल असा तिखटपणाही सहसा नाही. नावं सख्ख्या भावांची, स्वभाव वेगळे. तक्ता बाद.

संध्याकाळी वन्संनी चोरीस केलं. मी कढईत तेल घालणार, तेवढ्यात आंटी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "इल्लें उदक घाल, तेल मात घालूं नाका." बरोबर होतं. पाणी आटत आलं तशी आतली चरबी वितळून कढईत लाल तेलाचं तळं झालं. सोबत उराक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची हलकी दारू, मिळतो का पाहिलं, हंगाम संपत आलेला. मग भावोजींनी गोव्यात 'पोर्ट' म्हणून मिळणारी गोड लाल वाइन उघडली आणि सरळ बर्फ घातला. पोर्तुगालच्या दौरो खोऱ्यातल्या खऱ्या पोर्टशी हिचं नाव सोडलं तर फारसं नातं नाही. मी मनातल्या मनात नाक मुरडलं. आणि मग दोन घोट घेतल्यावर वहीत लिहिलं: "गोड + थंड. चालतंय. का?"

११ मे, रविवार

परत पुण्याला. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही, त्यामुळे गाडीत फक्त चोरीस. बांद्याच्या नाक्यावर डिकी उघडायला लावली. वास घेऊन स्वतःच म्हणाले, "करा बंद."

१७ मे, शनिवार

घरातली व्यवस्था लावली. सासूबाईंना मासे चालतात, कोंबडी चालते, पण डुकराचं त्यांच्या ओट्यावर नाही. वाद घालण्यात अर्थ नाही, ओटा त्यांचाच आहे. मागच्या गॅलरीत छोटी शेगडी, एक जुनी कढई, एक सुरी. चोरीस फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात कागदात गुंडाळून, त्यावर डबा. डब्यावर काय लिहायचं यावर लेकीचा सल्ला घेतला.

हे कच्चं असतं, हे भिशीतल्या निम्म्या जणींना माहीत नव्हतं. सलामीसारखं कापून थेट खायचं नाही, शिजवूनच खायचं. ग्रुपवर कळवून टाकलं, नाहीतर कोणीतरी चीजच्या ताटात मांडायची.

२४ मे, शनिवार

आज वाइनच उघडली नाही. बाटल्या विकत घेत सुटण्याआधी वाइनमधली कोणती गोष्ट चोरिसाशी भांडते ते बघावं म्हटलं. वाइनचे भाग वेगळे करता येतात, तेही घरातल्या सामानात.

पहिला ग्लास दारूचा. आपल्याकडची व्होडका ४२.८ टक्के असते. एक भाग व्होडका, दोन भाग पाणी, की झालं साधारण १४ टक्के, म्हणजे तगड्या लाल वाइनएवढं. दुसऱ्यात एक भाग व्होडका, चार भाग पाणी, साडेआठ टक्के. तिसऱ्यात गार कोरा चहा, चांगला दहा मिनिटं उकळून कडू केलेला. लाल वाइनमध्ये जो तुरटपणा असतो तो चहातही असतोच. चौथ्यात पाव लिटर पाण्याला एक चमचा, पाच ग्रॅम साखर. पाचव्यात लिंबू पिळलेलं पाणी. नवरा आणि मी पाचही ग्लास, लेकीला फक्त शेवटचे तीन.

चोरिसाचा एकेक मणी सोलून, शिजवून, चार तुकडे केले. तुकडा चावायचा, दहापर्यंत मोजायचं, मग घोट.

१४ टक्के: आग भडकली. जिभेवर नाही, घशाच्या सुरुवातीला. नवरा म्हणाला, "मिरची दुसऱ्यांदा खाल्ल्यासारखं." यामागचं कारण शोधल्यावर मजा वाटली. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या संवेदकांना चेतवतं, ते मुळात उष्णतेचे संवेदक आहेत. एरवी ४२ अंशांच्या आसपास जागे होतात. दारू त्यांचा उंबरा ३४ अंशांपर्यंत खाली आणते. तोंडाचं तापमान त्याच्या वरच असतं. म्हणजे काही गरम न खाताच तोंड भाजल्याचा निरोप मेंदूला जातो.

साडेआठ टक्के: भडकलं, पण निम्म्यानेही नाही.

कोरा चहा: सगळ्यात वाईट. तोंड कोरडं पडलं आणि तिखट तिथेच चिकटून राहिलं. तुरट द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो. मग मिरचीला धुवून न्यायला काही उरत नाही. लेक म्हणाली, "आई, तोंडात पुठ्ठा."

साखर: आराम. लगेच.

लिंबू: हे अनपेक्षित. लिंबूपाणी आंबट लागलंच नाही! त्याच ग्लासातलं चोरिसाआधी प्यायलं तेव्हा डोळा मिटला होता. तोंडात व्हिनेगर असताना लिंबाची धारच गेली. म्हणजे ज्या वाइनमध्ये मुळात आंबटपणा कमी, ती चोरिसापुढे पाणचट होणार. आंबटाला आंबट लागतं.

एक अडचणही कळली. तिसऱ्या तुकड्यानंतर जीभ बधिर होते, आणि शेवटचे ग्लास उगाचच चांगले लागतात. पुढच्या वेळी नवऱ्याने उलट्या क्रमाने प्यायचं. मध्ये दूध, पाणी नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दुधातलं केसीन आणि चरबी ते उचलून नेतात.

२७ मे, मंगळवार

यंदा मे संपायच्या आत पाऊस येऊन बसला. वन्संचा फोन: आंटींच्या दुसऱ्या घाण्याला ऊनच मिळालं नाही, ते चोरीस मऊ राहिलंय, लवकर संपवावं लागेल. आपलं पहिल्या घाण्याचं आहे ते बरं.

३१ मे, शनिवार: पहिली फेरी

सहा बाटल्या. दोन आमच्या, चार भिशीतल्यांकडून गोळा केलेल्या. सगळ्यांना वर्तमानपत्र गुंडाळून नंबर दिले. वाटीतलं चोरीस फक्त पाण्यात शिजवलेलं, कांदा-बटाटा काही नाही. चार जण.

नाशिकची सोव्हिन्याँ ब्लाँ, पांढरी. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं झालेली. आंबटपणा भरपूर, हिरव्या मिरचीच्या देठासारखा वास. व्हिनेगरपुढे ताठ उभी राहिली, पण तिखटाला काहीच उत्तर नाही. स्वच्छ, थोडी कोरडी, थोडी उपरी.

नाशिकचीच शेनिन ब्लाँ, हीही पांढरी, किंचित गोडसर. घोट घेतल्यावर सगळे गप्प झाले आणि चौघांनी पुन्हा वाटीकडे हात नेला. मला गुणांपेक्षा हीच खूण महत्त्वाची वाटते: माणूस पुढचा घास घेतो की पुढचा घोट? दोन्ही घेत असेल तर जोडी जमली.

झिनफँडेल रोझे, म्हणजे गुलाबी वाइन. स्ट्रॉबेरीसारखा वास, पोटात थोडी साखर. शेनिनएवढीच चांगली, मला तर कणभर जास्त.

अकलूजच्या सांजोव्हेझेचं गणित वेगळं. लाल, पण अंगाने हलकी आणि आंबट. तिला अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं होतं. चोरिसाच्या धुराशी हिची ओळख निघाली. शेवटी जरा तुरट लागली, पण चिकटली नाही.

ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली लाल शिराझ, १४ टक्के. सगळ्यांना हीच जिंकणार असं वाटत होतं. मांस, मसाला, मिरी. शिराझमध्येही मिरीचा वास असतो, मग काय हवं? तोंडात गेल्यावर मात्र कोरा चहा आणि व्होडका एकत्र आले. वर ओकचा कडवटपणा. त्यात चरबीवर धातूची चव आली, स्टीलचा चमचा चाटल्यासारखी. तीन जणांनी ग्लास बाजूला ठेवला. चौथा माझा नवरा. तो म्हणाला, "मला आवडली." मी लिहिलं: "जीभ बधिर असावी."

सहावी बुडबुड्यांची ब्रूट, म्हणजे गोड नसलेली. पहिल्या घोटाला ओरखडा. बुडबुडे स्वतःच जिभेला टोचतात आणि मिरचीवर आणखी टोचतात. पण चरबी अशी साफ केली की टाळू धुतल्यासारखा. तळणीबरोबर बघायला हवी.

आजचा निकाल: रोझे पहिली, शेनिन दुसरी.

७ जून, शनिवार

वाइनच्या दुकानात गेले, जर्मनीच्या मोझेलची रिस्लिंग ही पांढरी वाइन विचारायला. साडेआठ-नऊ टक्के दारू, आंबट आणि गोडसर, कागदावर तर ही नवरदेवच. भाव ऐकला आणि ठेवून दिली. आयात वाइनवर १५० टक्के सीमाशुल्क. त्या एका बाटलीत आपल्या जवळपास तीन बसतात. कागदावरच राहू दे.

१४ जून, शनिवार: दुसरी फेरी

निकाल फिरला. तीच रोझे, तोच प्रकार, आणि आज सपक. आधी वाटलं बाटलीत खोट आहे. मग चोरीस नुसतं चाखलं, तर ते भलतंच खारट आणि तेज. माळ काढून वजन केलं. १८ मेला लिहून ठेवलेलं ४८० ग्रॅम होतं, त्यातला खाल्लेला भाग धरूनसुद्धा उरलेल्या मण्यांचं वजन सातवा हिस्सा कमी भरलं. कागदात गुंडाळलेलं होतं, फ्रिजच्या कोरड्या हवेत पाणी उडालं. मीठ, व्हिनेगर, मिरची सगळं तेवढंच, मांस आक्रसलेलं. हातात धरलं तर मे महिन्यातला मणी बोटाखाली दबायचा, आताचा सुपारीसारखा.

म्हणजे आपण वाइन 'चोरिसासाठी' निवडत नाही, चोरिसाच्या वयासाठी निवडतोय. कोवळ्याला रोझे पुरते. जुन्याला जास्त आंबट आणि जास्त गोड लागते, एकाच वेळी. शेनिन आजही टिकली. शेवटी सहज म्हणून लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या गोड शेनिनची छोटी बाटली उघडली, जी आपण गोडाबरोबर पितो. जुन्या, खारट चोरिसाच्या एका तुकड्यावर तिचा एक घोट म्हणजे कैरीच्या लोणच्यावर गूळ. दोन घोटांनंतर पुरे होते, पण ते दोन घोट काय!

एक अपघात नोंदवायला हवा. घाईत सोव्हिन्याँ फ्रीझरमध्ये टाकली आणि विसरले. बारा टक्क्यांची वाइन उणे पाच अंशांच्या आसपास गोठते, आणि आमचा फ्रीझर उणे अठराला. झाकण ढिलं होऊन कडेने बर्फाचा चुरा बाहेर आला होता. बुडबुड्यांची बाटली असती तर फ्रीझर पुसत बसावं लागलं असतं. वितळवून प्यायली, चव मेलेली. लेकीने फ्रिजच्या दारावर चिठ्ठी चिकटवली: "वीस मिनिटं. गजर लाव."

२१ जून, शनिवार

पालखी पुण्यात. काम बंद. सासूबाईंनी काही म्हणायच्या आधीच मी गॅलरीतली शेगडी आवरून ठेवली.

२८ जून, शनिवार: तिसरी फेरी, या वेळी पदार्थ

इतके दिवस वाटीतलं नुसतं चोरीस चाखत होतो, पण गच्चीवर नुसतं कोण खाणार आहे? आज तीन पदार्थ केले आणि इतक्या दिवसांतलं सगळ्यात उपयोगाचं कळलं.

बटाटा घातलेलं: बटाटा मीठ पितो, मिरची पितो, व्हिनेगर पितो. ज्या चोरिसापुढे रोझे हरली होती, तेच चोरीस दोन बटाटे घातल्यावर रोझेच्या मापात आलं. आंबटपणा कमी झाल्यावर सांजोव्हेझेही सुधारली.

चोरीस-पाव: पुण्यात गोव्याच्या पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, कातऱ्याचे पाव कुठून आणणार, बेकरीतलाच लादीपाव घेतला. पाव मध्ये कापून गरम तव्यावर चोरिसाच्याच चरबीत दाबून घेतला. कडा कुरकुरीत, आत लाल तेल मुरलेलं, त्यात दोन चमचे चोरीस आणि कच्चा कांदा. हा घास तोंडात असताना बुडबुड्यांची ब्रूट प्यायली आणि मी उभी राहिले. टोचणं पावाने अडवलं, चरबी बुडबुड्यांनी उचलली. पहिल्या फेरीत मी हिला ओरखड्यावरून नापास करणार होते.

पुलाव: भातात चोरीस पसरतं, प्रत्येक घासात थोडंच येतं, लवंग-दालचिनी वर येतात. इथे शेनिन. का ते समजवून सांगता येणार नाही, पण नवऱ्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि तो पुलाव खात नाही.

म्हणजे आधी पदार्थ, मग बाटली.

६ जुलै, रविवार

आषाढी. दुकानं बंद. आजच सगळी खरेदी उरकायची असं कालपर्यंत डोक्यात होतं. दिनदर्शिका स्वयंपाकघरात समोर टांगलेली आहे आणि सासूबाईंनी आठवडाभर आधी साबुदाणा आणलेला आहे, तरीही.

१२ जुलै, शनिवार

भिशीतल्या दोघींना चाखायला बोलावलं. त्यातली एक कोल्हापूरची. शेनिन दिली, चोरीस-बटाटा दिला, आणि मी उत्साहाने सांगायला लागले की साखर तिखट कसं शांत करते.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पण शांत कशाला करायचंय?"

मी गप्प.

"तांबड्या रश्श्यात कोणी साखर घालतं का? नाकातून पाणी यायला पाहिजे म्हणून तर खातो." आणि तिने फळीवर उरलेली शिराझ मागितली. मी म्हटलं, अगं ती नापास आहे. तिने चोरिसाचा मोठा घास घेतला, वर शिराझचा घोट, डोळ्यांत पाणी, कपाळावर घाम, आणि चेहरा असा की मिसळीच्या दुकानातून जिंकून बाहेर आलेली.

३१ मेची माझी नोंद काढून पाहिली. नवऱ्याच्या नावापुढे 'जीभ बधिर असावी' लिहिलं होतं. तो तेव्हा खरंच सांगत होता, ती त्याला आवडली होती. मी त्याला विचारलंसुद्धा नाही का आवडली ते.

तिखट पदार्थांबरोबर वाइन निवडायचे जे काही नियम मी आजवर वाचले, त्या सगळ्यांत मिरची ही अडचण आहे. गोड द्या, थंड द्या, कमी दारूची द्या, आग विझवा. पहिल्या दिवसापासून मीही अग्निशमन दलासारखीच काम करत होते. हे नियम मिरची पाहुणी म्हणून खाणाऱ्यांनी लिहिलेत. आमच्याकडे ती घरची आहे. दारूने आग वाढते हे खरंच, व्होडकाच्या ग्लासात मी स्वतः पाहिलं. ती वाढणं वाईट, हे मात्र मी न तपासता धरून चालले होते.

तरी शिराझ जशीच्या तशी मंजूर नाही. तुरटपणा आणि ओक अजूनही चरबीवर धातूसारखे लागतात, त्याचा आगीशी संबंध नाही. तिघींनी मिळून ठरवलं: ओक न लागलेली, फळाची चव असलेली तरुण शिराझ, आणि फ्रिजमध्ये ठेवून चौदा-पंधरा अंशांपर्यंत गार केलेली. पुण्याच्या खोलीतल्या तापमानाला लाल वाइन काढ्यासारखी लागते. 'खोलीचं तापमान' म्हणतात ती खोली युरोपातली, जुन्या दगडी घरातली.

१५ जुलै, मंगळवार

खरेदी झाली. ब्रूट दोन, शेनिन दोन, ओकशिवायची शिराझ एक, लेट हार्वेस्टची छोटी बाटली एक. रोझे यादीतून गेली याचं मला वाईट वाटतंय, पण माळ आता दोन महिन्यांची आहे आणि तिच्यापुढे रोझेचा टिकाव लागत नाही. ५,८०० रुपयांत बसलं. उरलेल्या दोनशेत बर्फ आणि दूध.

२० जुलै, रविवार: गच्ची

पाऊस होताच. ताडपत्री बांधली. बारांतले अकरा आले.

चोरीस-पाव आणि ब्रूट पहिल्या अर्ध्या तासात संपले; दोन बाटल्या कमी पडल्या. पुढच्या वेळी तीन घ्याव्यात. शेनिन बर्फाच्या बादलीत ठेवली होती, ती फारच गार झाली आणि पहिल्या ग्लासांना वासच नव्हता. बादलीतून काढून दहा मिनिटं टेबलावर ठेवली तेव्हा खुलली. पुलावाबरोबर तिला कोणी नावं ठेवली नाहीत, पण कोणी काही बोललंही नाही. सगळे जेवत होते.

शिराझची एकच बाटली आणली होती, 'आग हवी असणाऱ्यांसाठी' अशी चिठ्ठी लावून. मला वाटलं दोघं-तिघं घेतील. सात जणांनी घेतली. त्यातले चार जण तीच घेऊन बसले आणि बाकीचे तीन एका घोटानंतर दुधाकडे गेले. एक काका दूध आणि शिराझ आळीपाळीने पीत होते. याची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते मला ठरवता आलेलं नाही.

लेट हार्वेस्ट शेवटी. प्रत्येकाला दोन घोट, नुसत्या चोरिसाच्या एका पातळ, कोरड्या परतलेल्या चकतीबरोबर. ज्या मैत्रिणीने मे महिन्यात तक्ता पाठवला होता तिने विचारलं, "ही रिओहा का?" मी बाटली फिरवून दाखवली. नाशिक.

नवऱ्याची मी रीतसर माफी मागितली. तो कशाबद्दल ते विसरला होता.

२४ जुलै, गुरुवार

दिव्याची अवस. सासूबाईंनी समया, निरांजनं घासून पाटावर मांडली, मी कणकेचे दिवे केले. गॅलरीतली कढई धुऊन माळ्यावर. आंटींना फोन केला, वन्संनी मध्ये पडून कोकणी-मराठी केलं. ओकवाल्या शिराझची पाऊण बाटली उरलीय, ती तुमच्या मसाल्यात व्हिनेगरबरोबर थोडी घातली तर, पोर्तुगीज घालायचे तशी? आंटी म्हणाल्या, घाल की, पण मला खायला बोलावू नकोस.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. माळेतले सहा मणी उरलेत. फ्रीझरमध्ये, डब्यावर 'मटार' लिहून. सकाळी सासूबाईंनी तो डबा काढला, हलवून पाहिला आणि काही न बोलता परत मागे सारून ठेवला.